जयतीर्थरावांचं अ‍ॅप्लिकेशन

जयतीर्थरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या अड्यारच्या हेड ऑफिसातले सगळे पंखे बंद पडले, समुद्र दोन पावलं मागे सरला आणि दारातला वॉचमन झोपेतून जागा झाला. यातली तिसरी गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत तेवढी एकदाच घडली.

मिरजेहून चेन्नईला येऊन मला तीन आठवडे झाले होते आणि त्या तीन आठवड्यांत मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. आईनं ज्यात चटणी बांधून दिली होती तो वर्तमानपत्राचा तुकडा मी तीसेक वेळा वाचला होता. त्यातली बोअरवेलची जाहिरात मला पाठ झाली होती आणि खोलीवर एकटा असलो की मी ती मोठ्यानं म्हणत असे. अशा अवस्थेत एका सकाळी लोखंडी कपाटाचा उघडा खण माझ्या गुडघ्यावर बसला आणि मी ओरडलो, "आई गं."

समोरचा फायलींचा ढीग हलला. त्यामागून एक माणूस उठू लागला आणि उठतच राहिला. आठ फूट तरी उठला असेल. पुढं सवडीनं अंदाज घेतला तेव्हा तो साडेपाच भरला, पण त्या दिवशी आठच होता. कपाळावर तिकडचे वैष्णव लावतात तशी अंगाऱ्याची उभी काळी रेघ, तिच्याखाली अक्षता नावाच्या गंधाचा तांबडा ठिपका, आणि पांढरा शर्ट इतका कडक की तो अंगात घातलाय की अंगाभोवती उभा केलाय हे सांगता येऊ नये. तीनशे वर्षांपूर्वी निघालेला आवाज आत्ता येऊन पोचावा तसा तो माणूस म्हणाला, "लागलें कीं काय? बसा. तुम्हीं आमचेंच कीं."

मी रडलो असं ऑफिसात सांगतात. गुडघ्याला खरंच बरंच लागलं होतं.

टी. आर. जयतीर्थराव हे तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर कागद सांभाळायला म्हणून दक्षिणेत आले. फौजेचं पुढं काय झालं ते इतिहासाला ठाऊक. कागद सांभाळायचं काम मात्र या घराण्यानं सोडलं नाही. त्यांच्या मराठीत अनुस्वार ऐकू येत. "काय करूंलालांत?" असं त्यांनी विचारलं की त्याचा अर्थ "काय करताय?" असा आहे हे उमजायला मला पहिले आठ दिवस मान तिरकी करावी लागायची. मधूनच तमिळ "सरी" यायचं, म्हणजे ठीक. उलट माझी मराठी त्यांना आजारी वाटे. "तुमच्याकडे भाषा फार पातळ झाली कीं," असं ते एकदा ताकाबद्दल बोलावं तसं हळहळून म्हणाले. माझं आडनाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही. इकडं नावाआधी गावाचं अक्षर लावायची रीत, तेव्हा माणसाला गाव पुरे असं त्यांचं मत होतं. मी कायमचा "मिरज" झालो.

आमची कंपनी पंपाच्या झडपा बनवायची. कारखाने दोन: एक इरुंगाट्टुकोट्टैला, दुसरा गुम्मिडिपूंडीला. गुम्मिडिपूंडी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जिन्यावरून कोणी पडलं की काय म्हणून बघायला धावलो होतो. दोन्हीकडच्या सहाशे माणसांच्या रजा, बदल्या आणि निवृत्त्या अड्यारच्या एस्टॅब्लिशमेंट विभागातून व्हायच्या. विभाग म्हणजे जयतीर्थराव, त्यांचा टाइपरायटर आणि त्यांचे साहेब चंद्रमौळी. चंद्रमौळींना नियमांचं पुस्तक पाठ होतं आणि बाकी फारसं काही बोलायची त्यांना गरज वाटत नसे.

कागदोपत्री जयतीर्थराव सीनियर क्लार्क होते. पण अर्ज, म्हणजे ज्याला सगळं ऑफिस "अ‍ॅप्लिकेशन" म्हणे, ते लिहावं तर जयतीर्थरावांनीच. सकाळी अकराला कॉफी झाली की त्यांच्या टेबलापुढं रांग लागे. फिटर, ड्रायव्हर, इंजिनियर, एकदा तर खुद्द कंपनीचे डॉक्टर. जयतीर्थराव आधी माणसाला आपादमस्तक न्याहाळत आणि मग त्याला कुठलं कारण शोभेल ते ठरवत.

"दोन दिवस हवेत, सार. ताप लिहा," असं कोणी म्हटलं की ते मान हलवत.

"ताप एका दिवसाचा. दोन दिवसांस 'तीव्र' लावावें लागेल. तुम्हांस तीव्र शोभत नाहीं. पोट घ्या."

चार दिवसांची रजा हवी असेल तर ते "मद्रास आय" देत. डोळे येण्याला या शहरानं अभिमानानं स्वतःचंच नाव दिलेलं आहे. तो अर्ज आला की चंद्रमौळी कागदाला हात न लावता लांबूनच सही करत आणि खरंखोटं बघायला डोळ्यांत डोळा घालायची कुणाची छाती नसे. जयतीर्थरावांचा कुठलाही अर्ज "आय बेग टू स्टेट"नं सुरू होई, मध्ये कुठंतरी "अनफोर्सीन" येई आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याला अर्जदाराची दया येई. सव्वीस वर्षांत त्यांचा एकही अर्ज नामंजूर झाला नव्हता.

दोन हजार तीन सालच्या जूनमध्ये सूचना फलकावर एक कागद लागला. "एक जुलैपासून एस्टॅब्लिशमेंट विभागात अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर सुरू होत आहे. सर्व संबंधितांनी सहकार्य करावे." खाली चंद्रमौळींची सही.

मी तो कागद वाचला, "कंप्यूटर येणार तर" असं म्हटलं आणि इडली खायला गेलो. जयतीर्थरावांनीही तोच कागद वाचला, पण त्यांना त्यात वेगळंच दिसलं. मला हे बरंच नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. त्यांना दिसलं ते असं: कंपनी अ‍ॅप्लिकेशन लिहिणारं यंत्र आणते आहे.

त्यांची चूक तरी काय म्हणायची? सव्वीस वर्षं ज्या माणसानं अ‍ॅप्लिकेशन म्हणजे अर्ज यापलीकडं काही ऐकलेलं नाही, त्यानं दुसरं काय समजावं? वर्षभरापूर्वी कंपनीनं दोन टंकलेखक "जादा" ठरवून गुम्मिडिपूंडीच्या गोदामात पाठवले होते. तिथं ते झडपा मोजत बसतात असं ऐकिवात होतं. अर्ज यंत्र लिहू लागलं की जयतीर्थरावही जादाच.

त्या दिवशी कँटीनमध्ये ते माझ्याशेजारी येऊन बसले. सांबारात चमचा फिरवत बसले, खाल्लं काहीच नाही.

"मिरज, एक विचारूं? हें अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर म्हणतात, तें अ‍ॅप्लिकेशन लिहितें काय?"

माझं तोंड इडलीनं भरलेलं होतं आणि ज्ञान जेमतेम होतं. कंप्यूटरवर पत्रं टाइप करता येतात एवढं मला माहीत होतं. "लिहितं की," मी म्हणालो. "अ‍ॅप्लिकेशन, लेटर, काय म्हणाल ते. एकदम स्वच्छ. खाडाखोड नाही."

"चुका?"

"त्या तर स्वतःच दाखवतं. खाली लाल रेघ मारतं."

"सरी," जयतीर्थराव म्हणाले आणि हात धुवायला उठले. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या थापांनी मिळून जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं त्या एका खऱ्या उत्तरानं केलं.

पुढच्या आठवड्यात यंत्र आलं. खोक्यातून बाहेर येताच कनका नावाच्या आमच्या टेलिफोन ऑपरेटरनं त्याच्या पडद्याला गंध-कुंकू लावलं. कोणीतरी गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं माउसखाली लिंबू ठेवलं आणि दोन दिवस माउस चालत नाही म्हणून तक्रार केली. सॉफ्टवेअर बसवायला लावण्या नावाची एक मुलगी आली होती. चोवीस-पंचवीसची, अतिशय भराभर बोलणारी. तिनं सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी मागितली: नाव, क्रमांक, विभाग. चंद्रमौळींनी ते काम सरळ जयतीर्थरावांकडं दिलं. रकाने आखलेल्या पडद्यावर नुसतं टाइप करत जायचं, एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

फाशीच्या कैद्याला दोर वळायला बसवल्यासारखं ते तीन दिवस बसले. टाइपिंगच्या दोन्ही परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेला माणूस. बोटं अशी चालायची की शेजारच्या टेबलावरचं पाणी हिंदकळावं. ओळ संपली की डावा हात सवयीनं उचलून हवेतला दांडा उजवीकडं ढकलत. तिथं दांडा नव्हता, कनकाचा फुलांचा ग्लास होता. तो तीनदा पडला. पण सहाशे नावं बिनचूक उतरली, निदान तसं सगळ्यांना वाटलं.

शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, त्यांनी स्वतःचा अर्ज लिहिला. स्वेच्छानिवृत्तीचा. यंत्रानं उठवण्याआधी आपणच उठावं, एवढा त्यामागचा विचार. टाइपरायटरवर लिहिला, एका बैठकीत. चंद्रमौळींनी तो दोनदा वाचला आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली असं कनका म्हणते. त्यांनी कारण विचारलं तर जयतीर्थराव म्हणाले, "अर्जांत लिहिलें आहे, सार." अर्जात "अनफोर्सीन" लिहिलं होतं. अर्ज डायरेक्टरांकडं गेला.

रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला होतो. अड्यारच्या डेपोमागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. अंबुजाबाईंनी डांगर पच्चडी केली होती, म्हणजे आपलं उडदाच्या पिठाचं दह्यात कालवलेलं डांगर, वर मोहरीची फोडणी. ती मी तिसऱ्यांदा घेत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "यांनीं कामांतून सुटायचा अर्ज दिला म्हणूंलालेत. तुम्हांस सांगितलें काय?"

मी वाटी खाली ठेवली. "काय हो, जयतीर्थराव?"

"वेळ झाली कीं," ते म्हणाले आणि ताकाचं भांडं माझ्याकडं सरकवलं.

"चोपन्नाव्या वर्षीं कसली वेळ?" अंबुजाबाई म्हणाल्या. "घरीं बसून काय करणार म्हणून विचारा. सगळ्या जगास सुट्टी लिहून दिली यांनीं. मला एकदां तरी लिहून दिलीत? आतां दिवसभर समोर बसून माझीं भांडीं मोजणार."

"तूं अर्ज कर. विचार करूं," जयतीर्थराव म्हणाले. पण हसले नाहीत. बाईही हसल्या नाहीत. त्या ताट उचलून आत गेल्या आणि बराच वेळ नळाखाली नुसतं भांडं धरून उभ्या राहिल्या. नळाला पाणी नव्हतं. त्या वर्षी चेन्नईत कुणाच्याच नळाला नव्हतं.

मंगळवारी, एक जुलैला, लावण्याचा शिकवणीचा वर्ग भरला. पंधरा माणसं, एक यंत्र. जयतीर्थराव पहिल्या रांगेत, स्वतःच्या तेराव्याला बसल्यासारखे. डायरेक्टरांनी त्यांच्या अर्जावर आदल्या दिवशीच "स्वीकृत" लिहिलं होतं.

लावण्या म्हणाली, "सॉफ्टवेअर दोन प्रकारचं असतं. तुमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याची लॉरी येते ना? पाणी खालच्या टाकीत पडतं. मग मोटर ते वर चढवते, पाइपातून घराघरांत पोचवते. ती मोटर कोणी बघायला जात नाही. ती चालू आहे म्हणून बिल्डिंग चालू आहे. ते सिस्टिम सॉफ्टवेअर. आता पाणी घरात आलं. त्याचं तुम्ही काय करता?"

"अंघोळ," कोणीतरी मागून म्हणालं.

"नुसतीच इच्छा," दुसरं कोणी म्हणालं.

"अंघोळ, भात, कॉफी," लावण्या म्हणाली. "ज्याचं त्याला जे काम हवं ते. ते अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर. एक पत्र लिहायला, एक तक्ते करायला, एक चित्रं काढायला, एक निरोप धाडायला. तुमच्या विभागासाठी एक आणलंय, ते माणसांच्या नोंदी ठेवतं."

"आणि लॉरी आली नाहीं तर?" जयतीर्थरावांनी विचारलं.

"म्हणजे करंट गेला, सार."

हे त्यांना पटलं. पण चेहऱ्यावरची अवकळा गेली नाही. डोकं धरलं होतं म्हणून त्यांनी खिशातून बामची डबी काढली, कपाळाला बोट लावलं, आणि डबी तशीच हातात धरून ते तिच्या झाकणाकडं बघत राहिले. हा बाम ते सव्वीस वर्षं वापरत होते. झाकणावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: फॉर एक्स्टर्नल अ‍ॅप्लिकेशन ओन्ली.

"मा," ते इकडं मुलीबाळींना म्हणतात तसं लावण्याला म्हणाले, "ह्याच्यावर पण अ‍ॅप्लिकेशन म्हणून आहे. मी समजत होतों, बाहेरच्या माणसांनींच अर्ज करावा, कंपनीच्या माणसांस मिळत नाहीं."

वर्ग हसला. लावण्या हसली नाही. तिला वाटलं म्हातारे आपल्याला मुद्दाम मदत करतायत. "बरोबर, सार, तेच. अप्लाय करणं म्हणजे लावणं. बाम कपाळाला लावायचा, सॉफ्टवेअर कामाला लावायचं. दोन्ही अ‍ॅप्लिकेशनच."

"अर्ज नाहीं?"

"कुठला अर्ज, सार?"

"तें आपण होऊन अर्ज लिहीत नाहीं?"

"आपण होऊन ते एक अक्षर लिहीत नाही. तुम्ही लिहाल तेच लिहितं."

जयतीर्थराव उभे राहिले. मला वाटलं कोसळतायत, म्हणून मी हात धरला. तो हात त्यांनी असा दाबला की मला गुडघ्याचा पहिला दिवस आठवला. "मिरज," ते कुजबुजले, "तुम्हीं तर लिहितें म्हणालां." तेव्हा कुठं ती कँटीनमधली इडली, ती सूचना आणि तो अर्ज माझ्या डोक्यात एका ओळीत उभे राहिले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो.

आम्ही दोघं चंद्रमौळींच्या केबिनमध्ये गेलो. "सार, तो अर्ज," जयतीर्थराव म्हणाले, "मला तो परत हवा आहे."

चंद्रमौळींनी खेदानं मान हलवली. "डायरेक्टरांची सही झाली, राव. नियम अकरा. आदेश निघेपर्यंत अर्ज मागे घेता येतो, पण लेखी. आणि आदेश तर आता निघतोय. डायरेक्टरांना वाटलं, नव्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन तुमच्या निवृत्तीनं करावं. तुमचा सन्मान म्हणून."

बाहेर उद्घाटनाची तयारी झालेलीच होती. कनकानं नारळ फोडला. चंद्रमौळी यंत्रापुढं बसले. नियमाप्रमाणे आदेशाचं काम आधी उरकायचं, मग इतर कागद. त्यामुळं मध्ये थांबणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी एका बोटानं जयतीर्थरावांचा क्रमांक दाबला: एक, एक, एक, चार. मग एंटरची ती ठोकळ्यासारखी मोठी कळ. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं, "असा कोणी कर्मचारी नाही."

पुन्हा क्रमांक दाबला. पुन्हा तेच. मी माझा क्रमांक सांगितला, बावीसशे त्रेपन्न. लगेच माझं नाव आलं. चंद्रमौळींनी स्वतःचा घातला, एक हजार बावीस. "असा कोणी कर्मचारी नाही." चंद्रमौळींचा चेहरा पडला. नियमांवर एवढा विश्वास असलेल्या माणसाला आपण अस्तित्वात नाही हे असं नारळाच्या तुकड्यांसमोर कळावं, हे काही बरं नव्हे.

लावण्यानं यादी उघडली. यादीत एक एक एक चार स्वच्छ दिसत होते, पुढं जयतीर्थरावांचं नाव. चंद्रमौळीही होते. "दिसतायत तर आहेत," ती पुटपुटली. "पण सापडत का नाहीत?"

मी जयतीर्थरावांकडं पाहिलं. ते पडद्यावरच्या यादीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उगवत होतं ते मला तेव्हा समजलं नाही.

ते असं होतं. त्यांच्या जुन्या टाइपरायटरवर एकचा आकडाच नव्हता. बनवणाऱ्यानं एका कळेची काटकसर केलेली. इंग्रजी स्मॉल एल दाबला की एक उमटे, आणि कागदाला त्यातला फरक कधी कळला नाही. जयतीर्थरावांनी आयुष्यभर एकच्या जागी एल दाबला होता आणि या यंत्रावरही तीन दिवस तेच केलं होतं. ज्याच्या क्रमांकात एक आहे तो माणूस यंत्राच्या लेखी आकड्याचा नव्हताच, अक्षरांचा होता. आपली चूक त्यांनी यादी बघताक्षणी ओळखली होती.

सव्वीस वर्षांत या माणसानं कचेरीतली टाचणी घरी नेली नव्हती. चूक दिसली की ती आधी सांगायची, मग पाणी प्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी ते पाणी प्यायले आणि गप्प बसले.

"आदेश निघू शकत नाही," चंद्रमौळी म्हणाले. "नोंदीत नसलेल्या माणसाला निवृत्त करता येत नाही. आधी चूक शोधा."

"सार," जयतीर्थराव अत्यंत नम्रपणे म्हणाले, "चूक सांपडेपर्यंत मी यंत्रावर थोडी सवय करूं काय? पत्र लिहायचें जें आहे त्यांत."

लावण्या आपल्या ऑफिसला फोन करायला गेली होती. यंत्र मोकळं होतं. जयतीर्थराव खुर्चीत बसले. बोटं दोनदा मोडली, आणि कनकानं फुलांचा ग्लास आपण होऊन उचलून घेतला. त्यांनी टाइप केलेला पहिला शब्द "आय" आणि दुसरा "बेग" होता. हा अर्ज मी नंतर वाचला आहे. तो त्यांचा सर्वात लहान अर्ज. त्यात ना ताप होता, ना पोट, ना "अनफोर्सीन". "मी सत्तावीस तारखेला चुकीच्या समजुतीनं अर्ज केला, तो मागे घेतो, मला काम करायचं आहे." एवढंच. मध्ये एका शब्दाखाली लाल रेघ आली. त्यांनी ती न्याहाळली, शब्द सुधारला आणि रेघ गेल्यावर "सरी" म्हणाले.

छापलेला कागद घेऊन ते चंद्रमौळींपुढं उभे राहिले. चंद्रमौळींनी वाचला. चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं, पण ते बराच वेळ पुसत होते. मग त्यांनी आवकचा शिक्का उचलला, तारीख तपासली, वेळ लिहिली आणि शिक्का मारला.

"आदेश निघालेला नाही," ते म्हणाले. "अर्ज मागे घेता येतो. नियम अकरा."

जयतीर्थरावांनी कागदावरची शाई वाळू दिली, मग वळून फोनवरून परतलेल्या लावण्याला म्हणाले, "मा, तुमचें यंत्र ठीक आहे. मी एकांस एल घातला. सगळीकडे."

"किती वेळापासून माहीत होतं, सार?"

"वीस मिनिटें झालीं," जयतीर्थराव म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यानं त्यांनी घड्याळ बघून सांगितलं.

अंबुजाबाईंना फोनवर मीच कळवलं. मग त्या म्हणाल्या, "उद्यां पण डबा द्यावा म्हणतां?"

"द्या," मी म्हणालो. "अठ्ठावन्न पुरी होईपर्यंत द्या."

"देतें कीं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात गोड शेव होती, आणि एरवी डब्याला हात न लावू देणाऱ्या जयतीर्थरावांनी ती सगळ्या मजल्यावर वाटली.

एल काढून एक घालायचं काम लावण्यानं त्यांनाच शिकवलं. शोधा आणि बदला, अशी एक सोय असते. फक्त क्रमांकाच्या रकान्यात वापरायची, हे तिनं सांगितलं होतं. पण उत्साहात जयतीर्थरावांनी सगळ्या यादीतले एल उडवले. क्षणात कंपनीतल्या प्रत्येक कमला, गोपाल आणि बालूच्या नावात एकचा आकडा घुसला. चंद्रमौळींच्या नावाचंही शेपूट आकड्याचं झालं. जयतीर्थराव पांढरे पडले. लावण्यानं दोन कळा दाबल्या आणि सगळं जसंच्या तसं झालं.

"याला अनडू म्हणतात, सार. केलेलं मागं घेणं."

"आम्हीं याला विथड्रॉवल म्हणत होतों," जयतीर्थराव म्हणाले. "शिक्का लागत असे."

त्यानंतर त्या माणसाला आवरणं कठीण झालं. सहा महिन्यांत त्यांनी पत्र लिहायच्या सॉफ्टवेअरात एकेचाळीस अर्जांचे साचे करून ठेवले. ताप, तीव्र ताप, पोट, मद्रास आय. माणूस समोर आला की नाव आणि तारीख बदलायची. रांग पूर्वीसारखीच लागे, फक्त भराभर पुढं सरके, आणि न्याहाळायचं काम ते आता चष्म्यावरून करत. दसऱ्याची आमंत्रणं त्यांनी डायरेक्टरांच्या सहीनं सहाशे लोकांना ज्याच्या-त्याच्या नावानं धाडली. गुम्मिडिपूंडीचा एक वेल्डर, डायरेक्टरांनी आपल्याला नावानं बोलावलं म्हणून, नवा शर्ट घालून आला. तक्त्याच्या सॉफ्टवेअरात त्यांनी अंबुजाबाईंसाठी नातेवाइकांकडं गेलेल्या डब्यांची यादी केली: कुठला डबा, कुणाकडं, काय घालून दिला होता. ती यादी माणसांच्या नावानं लावता येई, तशी डब्याच्या मापानंही. छापील कागद पर्समध्ये ठेवून बाई लग्नकार्यांना जाऊ लागल्या आणि वर्षभरात अकरा डबे परत आले. दोन तर त्यांचे नव्हतेच, पण कागद बघून समोरच्यानं देऊन टाकले.

नवीन कोणी रुजू झालं की अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर म्हणजे काय हे समजावून द्यायचं काम चंद्रमौळी त्यांच्यावरच सोपवत. जयतीर्थराव खिशातून बामची डबी काढत, नव्या माणसापुढं धरत आणि म्हणत, "हें वाचा. मोठ्यानें वाचा. आतां सांगा, कुठें लावाल?" पोरं गोंधळून कपाळाकडं बोट दाखवत. "कामास लावा," जयतीर्थराव म्हणत आणि यंत्र सुरू करत.

दोन हजार सातच्या एकतीस मार्चला, वयाची अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, ते नियमाप्रमाणे निवृत्त झाले. एकेचाळीस साचे यंत्रात होतेच; त्यांची जागा कंपनीनं भरली नाही.